उघाडीवरचा दगड

पनवेल,
रविवार, ता. ४ ऑक्टोबर १९५९

दयाराम,

आपल्या मिठागराच्या उघाडीवर जो दगड बसवलेला आहे तो आपला नाही. काल सकाळी दाजींनी इतर पंचांसमोर स्वतःच्या हातानं खात्री केली. मी तिथं होतो. आईही होती.

वडील भावानं पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. या खेपेला लिहीत नाही.

घडलं ते क्रमानं सांगतो. इतकी वर्षं वर्तमानपत्राला बातम्या पाठवण्यात गेली, दुसऱ्या तऱ्हेनं लिहिणं जमत नाही. आणि पुढं तू 'मला नीट कळवलं नाही' म्हणू नयेस.

हस्ताच्या पावसानं यंदा आगराचा बाहेरचा बांध खचला. पाणी आत घ्यायची उघाडी टिकली, पण तिच्या तोंडाशी असलेला दगड कलंडला आणि शेंदराला तडा गेला. पंच बांध बघायला निघाले तेव्हा आई शेंदराची वाटी आणि तेल घेऊन बरोबर गेली, तडा बुजवायला. दाजींनी बोटानं चाचपलं तर अख्खा पापुद्रा त्यांच्या हातात आला. चार पिढ्यांचा शेंदूर करवंटीसारखा जाड निघायला हवा. हा पापडाएवढा. त्याखाली चुना, चुन्याखाली माती. माती धुतली तर काळा दगड, आपल्या डोंगरात कुठंही मिळतो तसला, खडी फोडतात तो. लाल दाणा एकही नाही.

आपल्या दगडाला लाल दाणे होते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या अंगाला, जिथं शेंदूर पोचत नसे तिथं ते दिसायचे. गेली काही वर्षं दिसेनासे झाले तेव्हा गाळ चढला असेल असं आम्ही समजलो. आता कळलं, बसवणाऱ्यानं दगड मुद्दाम खोल बसवला होता.

आई वाकली. "दुसऱ्या अंगाला असतील," म्हणाली. दाजींनी दगड उलटा केला. तिनं पदरानं पुसला. पुन्हा पुसला. मग गणू बोलला, समोरच्या आगराचा, याच उघाडीचं पाणी घेणारा गणू, ज्याच्या घराशी आपला दोन पिढ्यांचा वाद:

"काकी, गेल्या साली तू याच्यावर हात ठेवून बोललीस, दगड आमच्या आजेसासऱ्यानी बसवला, पयली फली आमची. कोनावर ठेवलास हात? हा तं रस्त्याच्या खडीचा दगड हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला भांडता आलं असतं.

पहिली फळी म्हणजे काय हे नागपुरात राहून विसरला असशील तर आठवण करून देतो. पावसाळा संपला की उघाडीच्या फळ्या काढून भरतीचं पाणी आगरात घ्यायचं. ज्याचा दगड त्याचा माणूस पहिली फळी उचलतो, पहिलं पाणी त्याच्या वाफ्यांत जातं, त्याचं मीठ आधी धरतं. मान तो आणि पोटही तेच. तो मान आईच्या शपथेवर आपल्याकडे राहिला होता. आता शपथ खोटी आणि आई खोटी.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात परीक्षेचा अभ्यास म्हणून तू आगरावरच्या खोपीत राहत होतास. उंदरांची बिळं बुजवायला चुना हवा म्हणालास. आईनं शिवाच्या बैलगाडीतून पाटीभर पाठवला होता. तिला तो चुना काल आठवला. मला काही बोलली नाही, तुझ्या वहिनीला, हौसाला सांगितलं, आणि तिनं मला सांगितलं.

एकच विचारतो. दगड कुठं आहे? उलट टपाली कळव.

काशीराम


पनवेल,
सोमवार, ता. १९ ऑक्टोबर १९५९

दयाराम,

तुझं चार पानी पत्र पोचलं. 'दगड माझ्याजवळ आहे, म्हणजे त्यातला बराचसा' हे वाक्य तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं. अशी बातमी कुणी माझ्याकडे लिहून आणली असती तर न वाचता परत केली असती.

बराचसा म्हणजे काय तेही पुढं कळलं. करवतीनं दोन भाग केलेस. एका भागाच्या चकत्या पाडल्यास, काचेवर चिकटवल्यास, कुरुंदाच्या भुकटीवर घासून इतक्या पातळ केल्यास की आरपार उजेड यावा. दुसरा भाग कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी आहे. वर्षातून एकदा झाडलोट होते, असं लिहिलंयस. आईला बरं वाटावं म्हणून लिहिलंस का?

आईनं सगळं पत्र वाचून दाखवायला लावलं. मी गाळणार होतो, ती म्हणाली, "सगला वाच." मग वाचलं. हा दगड पहिल्यानं समुद्रतळाचा चिखल होता. जमिनीच्या पोटात ढकलला गेला, तसतसा दाब वाढला, उष्णता वाढली, आणि न वितळता, घट्ट राहूनच, त्यातली जुनी खनिजं मोडून नवी घडत गेली. आधी अभ्रक. मग तामडा, म्हणजे आपले लाल दाणे. मग कायनाइटच्या निळसर काड्या, ज्या भारी दाबाशिवाय होत नाहीत. तामडा वाढताना भोवतालचे बारीक कण पोटात घेत जातो. बाहेरचे तसले कण पुढं नाहीसे झाले, त्याच्या पोटातले राहिले, म्हणून त्याआधी काय होतं ते कळतं. निळ्या काड्यांच्या कडेला केसासारखे पांढरे तंतू आहेत. द्रव्य तेच, पण दाब उतरल्यावर आणि उष्णता चढल्यावर त्याचं हे रूप होतं. म्हणजे दगड वर यायला लागला तेव्हा अजून तापतच होता. शेवटी निवताना फटींतून पाणी शिरलं आणि तामड्याची कड हिरवी पडली. किती खोल गेला होता याचा पक्का आकडा आज कुणालाच देता येत नाही, पण दहा-पंधरा मैल तरी असावं.

हे तू चांगलं लिहिलं आहेस. मला राग आला तो त्यामुळं कमी झाला नाही, पण चांगलं लिहिलं आहेस हे खरं.

आईनं मला मध्ये दोनदा थांबवलं. पहिल्यांदा विचारलं, "दहा मैल म्हंजी किती?" मी म्हटलं, सकाळी चालायला लागलं तर दुपार होईल इतकं, पण खाली. दुसऱ्यांदा म्हणाली, "लय सोसलं त्यानी." पत्र संपलं. मग म्हणाली:

"एवरा खाली गेला न वर आला ना तो? मंग नागपूर काय लांब हाय?"

हे तिचं उत्तर. शब्द बदललेले नाहीत.

आता माझं. दगडात घडलेलं सगळं क्रमानं साठून राहतं, नीट बघणाऱ्याला ते वाचता येतं, हे तुझं पोटापाण्याचं शास्त्र. आणि आपल्या उघाडीवर कधी कुणी वाचणार नाही असं तुला वाटलं? आम्हीही वाचलं, दयाराम. आत माती, तुझी. वर चुना, तुझा, आईनं पाठवलेला. त्यावर शेंदराचा एक जाड हात, तोही तुझाच, घाईघाईनं दिलेला, बोटांचे वळ दिसतात. आणि त्याच्यावर दर सालचे पातळ हात, आईचे. सूक्ष्मदर्शक लागला नाही. दाजींचं बोट पुरलं.

पत्रासोबत छापील निबंध पाठवलास. मला इंग्रजी येतं, हे विसरलास की त्यावर भरवसा ठेवलास? पहिल्याच पानावर नमुना कुठला ते सांगितलं आहे: पनवेल खाडीच्या काठी मोकळा पडलेला एक दगड. मोकळा पडलेला! तो खरवडायला तुला किती दिवस लागले ते का नाही छापलंस? माझ्या बातमीत कोण बोललं, कुठं बोललं हे चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. तुमच्यात ती पद्धत नसेल.

आईचा निरोप वर दिलाच आहे. दगड आण.

काशीराम


पनवेल,
रविवार, ता. ८ नोव्हेंबर १९५९

दयाराम,

गावच्या बैठकीनंतर पंचांचा निर्णय झाला. दाजींनी काल संध्याकाळी घरी येऊन तो मला आणि आईला सांगितला, म्हणजे ऐकीव नाही. कार्तिकातल्या अमावास्येला, सोमवारी ता. ३० ला, दुपारच्या उधाणाच्या आत दगड उघाडीवर बसला पाहिजे. ज्यानं हलवला त्यानंच तो बसवायचा. नाही बसला तर पहिली फळी गणूची, आणि ती कायमची.

तू म्हणशील दुसऱ्याच्या हातून का चालत नाही. आगराची रीत तुला लहानपणापासून ठाऊक आहे. बांधाची माती ज्यानं काढली त्यानंच स्वतःच्या हातानं भरायची, गडी लावायचा नाही, भाऊ पाठवायचा नाही. पाणी बांधाला कुठून लागेल ते खणणाऱ्याच्याच हाताला माहीत असतं, असं जुनी माणसं मानतात. मी जाऊन बसवतो असं मी बैठकीत म्हणून पाहिलं. दाजी म्हणाले, "काशीराम, तुजी चोरी असती तं तुलाच बोलावला असता."

बैठकीत तुझं दुसरं पत्र मी वाचून दाखवलं. नको होतं, पण तूच लिहिलंस की पंचांना दाखव. अर्धा दगड रेल्वेनं पार्सल करतो, सोबत तो तोच असल्याबद्दल कॉलेजच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र देतो. आणि नमुन्यादाखल ती काचेवरची चकती. चकती फुटली नाही, कापसात चांगली बांधली होतीस. ती हातोहात फिरली. दाजींनी उन्हाकडे धरून पाहिली, काही दिसलं नाही म्हणाले, नुसतं भुरकं भुरकं. गणूनं एक डोळा मिटून पाहिली.

"दुसरी बी मागवून घ्या," म्हणाला, "दाजींला देवाचा चष्मा होईल."

या वेळी सगळे हसले. दाजीही हसले. मी खाली बघत बसलो. प्रमाणपत्राबद्दलही गणूच म्हणाला: "शिक्का मारनारा कोन? ज्यानी नेला तोच ना?"

मग गलबताची गोष्ट आली. तीही तूच लिहिलीस, कुणी विचारलं नव्हतं. असला दगड आपल्या बाजूला कुठंच होत नाही, इकडं सगळा ज्वालामुखीचा काळा खडक. हा दक्षिणेकडून, पार सावंतवाडीपलीकडून आलेला. मीठ भरायला येणारं गलबत रिकामं असलं की कलंडू नये म्हणून तळाशी दगड टाकतात, आणि माल भरताना ते काठावर फेकून देतात. तसल्या फेकलेल्यांतला हा असणार. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असेल. पण आईची शपथ वाचवायला लिहिलेल्या पत्रात हे कशाला? तुझं म्हणणं असं की एवढा मोठा मान मुळात फेकलेल्या दगडाचा, तेव्हा तो नेण्यात फारसं काही वाईट झालं नाही. सरळ तसं लिहिलं नाहीस. पण मी रोज लोकांची निवेदनं वाचतो, दोन ओळींच्या मधलं वाचायची सवय आहे.

हे गणूलाही झोंबलं. देव फेकलेला निघाला तर तो त्याच्याही आगराचा देव. आई बायकांत बसली होती, तिथूनच बोलली, उठली नाही:

"कोनी टाकला, तो त्याचा नाय. आमी उचलला न ठेवला, आमचा. ह्याच्यात कसला शास्तर?"

दाजींनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. तुझी गलबताची गोष्ट अशी तिनं निस्तरली.

तुझ्या पत्रात आणखी एक आहे. बाबांकडे तू दगड मागितला होतास, त्यांनी नाही म्हटलं आणि कानाखाली दिली, म्हणून न विचारता न्यावा लागला. बाबांचा हात जड होता, मीही खाल्लंय. पण त्यांनी तुला मारलं याची किंमत आईनं का द्यायची? बाबा गेले त्रेपन्नला. त्यानंतर कुणाची भीती होती? आईची? ती तुला कॉलेजात घालण्यासाठी दोन पावसाळे दुसऱ्यांच्या बांधावर माती ओढत होती. तू तिला विचारलं असतंस तर तिनं स्वतः शेंदूर काढून दिला असता आणि महिन्याभरात परत आण म्हणाली असती. तेच तुला नको होतं, महिन्याभरात परत आणणं.

सात वर्षांत तू एकदाही आला नाहीस, बाबा गेले तेव्हासुद्धा. परीक्षा, दौरे, प्रकृती, सगळी कारणं मी आईला खरी करून सांगितली. आता खरं कारण कळलं. तुला त्या उघाडीवरून चालत घरी यायचं नव्हतं. दुसरी वाट नाही आपल्या घराला.

काशीराम


पनवेल,
सोमवार, ता. २३ नोव्हेंबर १९५९

दयाराम,

बांध पुरा झाला. आज सकाळी मी स्वतः जाऊन पाहून आलो. उघाडीच्या तोंडाशी दगडाची जागा मोकळी ठेवली आहे, खणून, तळाला वाळू घालून. ती गणूनं तयार केली. मी विचारलं, तू कशाला? तर म्हणाला, "यायचा असला तं त्याला जागा पायजे. उद्या बोलाल, गणूनी जागाच बुजवली." आणि वर म्हणाला, "न आला तं मी तिथं पाय रोवून उभा राहीन. तेला बी जागा पायजे."

तुझं पत्र शनिवारी मिळालं. कॉलेजनं कपाटातला भाग द्यायला परवानगी दिली, हे चांगलं झालं. बाकी सगळं वाईट आहे. 'येण्याचा प्रयत्न करतो' असं लिहिलंस. मंत्री सभेला येण्याचा प्रयत्न करतो. घरचा माणूस येतो किंवा येत नाही.

कापलेला दगड लोकांसमोर कसा ठेवू, असं विचारतोस. कापलेली बाजू जमिनीकडे करून बसवला तर चालेल का, वरून शेंदूर दिला की समजणार नाही. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन आलो. दयाराम, तू पुन्हा तेच करायला निघालायस. तेव्हा अक्कल नव्हती म्हणू, आता तर विद्यार्थ्यांना शिकवतोस.

आईला हा मजकूर सांगायचा नाही असं ठरवलं होतं. पण तिनं विचारलं, पोऱ्या काय बोलतो, आणि मला तिच्याशी खोटं बोलायचा कंटाळा आलाय. सांगितलं. तिनं चिडावं अशी माझी इच्छा होती, ती चिडली नाही. तिनं कोनाड्यातली तुझी काच काढली. बैठकीनंतर ती तिनंच मागून घेतली होती. दारात उन्हाला धरली. तिला मोतीबिंदू आहे, काय दिसतं देव जाणे.

"ह्याच्यातनी ऊन येतं," म्हणाली. "कापला तो कापला. ती बाजू खाडीकडं नको, गावाकडं कर म्हनावं. शेंदूर मागल्या अंगाला लावीन मी. पुढं लाल दाने दिसू देत सगल्यांना. आता परत कोनी बोलायला नको, आत काय हाय."

दाजींना हे विचारलं. अर्धा दगड पंचांना चालतो का, हा मुख्य प्रश्न होता. ते म्हणाले, चालतो की नाही ते दगड बघून ठरवू. पण ज्यानं कापला तो कापलेली बाजू पुढं करून पाण्यात उभा राहणार असेल, तर नाही म्हणणारा मी पहिला नसेन. यापेक्षा जास्त त्यांच्याकडून निघणार नाही. गणूकडून काय निघेल ते सांगता येत नाही. शपथेचं काय, हेही मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्या आईनं हात खडीवर ठेवला हे तिला ठाऊक नव्हतं. खरा दगड आला की पुन्हा ठेवील.

म्हणजे हे सगळं शेवटी तुझ्या येण्यावर येऊन थांबलं आहे. आईची शपथ, फळी, सगळं. तुझ्या हाती इतकं असावं हेच मला सहन होत नाही.

रागाचं म्हणशील तर तो उतरलेला नाही. तू आलास की उतरेल असंही समजू नकोस. फळी उचलून झाल्यावर मला तुझ्याशी बोलायचं आहे, खोपीत, आई नसताना, आणि ते ऐकायला तुला गोड लागणार नाही.

प्रवासाचं. शनिवारी निघालास तर रविवारी येशील. मुंबईपर्यंत जाऊ नकोस, कल्याणला उतर, तिथून पनवेलची एस.टी. मिळते. दगड टपावर देऊ नकोस, मांडीवर घे. स्टँडवर शिवा बैलगाडी घेऊन येईल. त्याला बाकी काही माहीत नाही, ओझं आहे एवढंच सांगितलं आहे. मी येणार नाही. आपण रस्त्यात भांडू आणि गावाला ते फुकट ऐकायला मिळेल.

सोमवारी उधाण दुपारी बाराच्या सुमाराला. पाणी खाडीतून वर चढायला लागलं की पंच उघाडीवर येतील. आई सकाळीच जाऊन बसणार आहे, तेल आणि शेंदराची वाटी घेऊन. तुझं पत्र येवो न येवो, ती जाणार हे तिनं हौसाला सांगून ठेवलं आहे. गणू एका अंगाला पाण्यात उतरेल. दुसऱ्या अंगाची जागा मोकळी असेल. पाणी पहिल्या फळीला टेकलं की दाजी ती उचलायला नाव घेऊन हाक मारतील, एकदाच, आणि ती कुणाच्या नावानं मारायची ते तेव्हा समोर बघून ठरवतील.

काशीराम